योक्काइचीहून आलेवाडीकडे

डहाणू लोकलनं विरार सोडलं की वैतरणेच्या पुलावर वारा अंगावर येतो. मग खाजणं, मिठागरं, ताडाच्या रांगा. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी. वारा सगळीकडे खारट. बोईसर जवळ आलं की त्यात आणखी काही मिसळतं. कधी आंबट, कधी गोडसर, आणि ढगाळ दिवशी थेट घशाला झोंबणारं. रोजचे प्रवासी नाकाला रुमालही लावत नाहीत. नवखा कुणी विचारतो, कसला वास हा? "एमआयडीसीचा," असं उत्तर मिळतं आणि विषय तिथंच संपतो.

माझी मुलगी नागोयाला असते. तिच्याकडे राहून परत आले तेव्हा पालघरच्या बाजारात जो भेटेल तो विचारी, "बाई, तिकडचं लाइफ कसं?" या प्रश्नाचं उत्तर लोकांना आधीच ठाऊक असतं. रस्ते स्वच्छ, गाड्या वेळेवर, नळाचं पाणी तसंच प्यावं. सगळं खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या मानव विकास अहवालात १९३ देशांमध्ये जपान २३वा आणि भारत १३०वा आहे. जपानी माणसाचं सरासरी आयुष्य ८४ वर्षांच्या पुढे, आपलं ७२च्या आसपास. पण देशाची देशाशी केलेली तुलना मला अपुरी वाटते. आमचा पालघर जिल्हाच बघा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यात आठ तालुके. वसईचे टॉवर आणि मोखाडा-जव्हारचं कुपोषण एकाच जिल्ह्याच्या सरासरीत बसवलं, तर त्या सरासरीतून कोणाचं जगणं कळणार? गावाची तुलना गावाशी व्हावी, आणि तीही सारखं दुखणं असलेल्या गावाशी. म्हणून नागोयात असताना मी क्योतोची देवळं पुढच्या खेपेला ठेवली आणि योक्काइचीला गेले.

नागोयाहून किन्तेत्सु कंपनीच्या गाडीनं अर्ध्या तासात योक्काइची येतं. मिए प्रांतातलं, इसे उपसागराच्या काठावरचं हे तीन लाखांच्या वस्तीचं शहर. १९५९मध्ये इथं जपानच्या पहिल्या पेट्रोरसायन संकुलांपैकी एक पूर्ण ताकदीनं सुरू झालं. तेलशुद्धीकरण, रसायनं आणि वीजकेंद्र, सगळं एकमेकांना पाइपांनी जोडलेलं. शहराला त्याचा अभिमान होता. शेजारच्या शिओहामा प्राथमिक शाळेच्या शाळागीतातसुद्धा कारखान्यांचा गौरव होता. मुलं ते रोज गात. मग त्याच शाळेत मुलांना दिवसातून अनेकदा गुळण्या करायला लावण्याची वेळ आली. पालिकेनं मुलांना पिवळे मास्क वाटले, आत कोळशाची गाळणी असलेले. स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर शहरानं २०१५मध्ये या प्रदूषणाचं संग्रहालय उघडलं. तिथं तो मास्क पाहिला. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या तोंडावर बसेल एवढाच आहे. शाळेत आयुष्य गेलेल्या बाईला त्या काचेपुढून लवकर हलता येत नाही.

मात्र योक्काइचीची खरी गोष्ट संग्रहालयात कळते त्याहून इसोझुत जास्त कळते. सुझुका नदीच्या मुखाशी वसलेली ही कोळ्यांची वाडी. नदीच्या अलीकडे संकुल, पलीकडे इसोझु. हिवाळ्यात वारा वायव्येकडून वाहतो आणि सगळा धूर नदी ओलांडून वाडीवर येतो. आधी मासे गेले. इथल्या माशाला तेलाचा वास येतो म्हणून १९६०मध्ये टोकियोच्या त्सुकिजी बाजारानं तो नाकारला. १९६३मध्ये चिडलेल्या कोळ्यांनी वीजकेंद्राचं पाणी सोडणारं तोंडच बुजवायचा प्रयत्न केला. तोवर माणसांना धाप लागायला लागली होती. शिओहामाच्या रुग्णालयात हवा गाळून आत घेणाऱ्या खोल्या केल्या होत्या. इसोझुचे दमेकरी कोळी रात्री त्या खोल्यांत झोपत आणि पहाटे तिथूनच उठून होडीवर जात. पोटासाठी समुद्र आणि श्वासासाठी इस्पितळ, अशी वर्षं त्यांनी काढली.

धुरामुळेच दमा होतो हे सिद्ध कसं करायचं? कारखाने म्हणणार, कोळी विड्या ओढतात. मिए प्रांतीय विद्यापीठाच्या वैद्यक शाखेतले डॉ. योशिदा कात्सुमी यांनी साधी वाट धरली. जपानमध्ये तेव्हा राष्ट्रीय आरोग्य विमा होता, म्हणजे दवाखान्यात गेलेल्या प्रत्येक माणसाची चिठ्ठी सरकारदरबारी जमा होत होती. योशिदांनी इसोझु आणि आसपासच्या भागातल्या चिठ्ठ्या काढल्या, धूर न पोचणाऱ्या भागातल्या चिठ्ठ्या काढल्या आणि शेजारी शेजारी मांडल्या. फरक आंधळ्यालाही दिसावा असा होता.

त्या आधारावर मे १९६५मध्ये योक्काइचीच्या पालिकेनं एक निर्णय घेतला. प्रदूषणामुळे आजारी असल्याचं वैद्यकीय मंडळानं मान्य केलेल्या रुग्णांचा औषधोपचाराचा खर्च पालिका भरू लागली. असं करणारं जपानमधलं हे पहिलं शहर. तेव्हा न्यायालयाचा निकाल नव्हता, देशाचा कायदाही नव्हता. १९६७मध्ये इसोझुच्या नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांवर दावा लावला. नऊपैकी दोघं निकालाआधीच वारले. २४ जुलै १९७२ रोजी निकाल लागला. धूर नेमका कोणत्या चिमणीचा हे वेगळं काढून दाखवायची गरज नाही, सहाही कंपन्या मिळून जबाबदार आहेत, असं न्यायालयानं म्हटलं. पुढच्याच वर्षी देशानं प्रदूषणग्रस्तांना भरपाई देणारा कायदा केला. मिए प्रांतानं प्रत्येक चिमणीऐवजी साऱ्या परिसरातून मिळून किती गंधक हवेत जावं याची मर्यादा ठरवली, आणि १९७६पर्यंत शहराची हवा गंधकाच्या मानकात आली. शाळागीताचे शब्दही बदलले.

वादींपैकी एक कोळी, नोदा युकिकाझु, निकालाच्या दिवशी जमलेल्या लोकांना म्हणाले की आज आभार मानणार नाही, या गावाचं आकाश खरोखर निळं होईल त्या दिवशी मानेन. आणि सावाई योशिरो नावाच्या गिरणीकामगारानं दवाखान्यांतून, घरांतून रुग्णांचं बोलणं टिपून घेतलं, सायक्लोस्टाइल करून वाटलं. या दोघांची नावं मी मुद्दाम लिहून ठेवली. आपल्याकडे अशा गोष्टींत मंत्र्यांची नावं राहतात.

आता कुणी म्हणेल, श्रीमंत देशाचं ठीक आहे, त्यांना परवडतं. हा युक्तिवाद मला मान्य नाही. १९६५चा जपान आजच्यासारखा नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी धावू लागलेल्या पहिल्या शिंकान्सेनसाठी त्यानं जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलरचं कर्ज काढलं होतं. आज तोच जपान मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी आपल्याला ०.१ टक्के व्याजानं, पन्नास वर्षांच्या मुदतीचं कर्ज देतो, आणि त्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावरचं एक स्टेशन आमच्या बोईसरला होत आहे. तंत्रज्ञानातही आपण मागे होतो असं म्हणता येत नाही. बोईसरजवळच्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. त्याच अमेरिकन बनावटीची, उकळत्या पाण्यावर चालणारी जपानची पहिली व्यापारी अणुभट्टी त्सुरुगाला सुरू झाली ती मार्च १९७०मध्ये, आपल्यानंतर. म्हणजे यंत्र आमच्याकडे आधी आलं होतं.

तर योक्काइची डोक्यात घेऊन मी बोईसरला उतरले. पश्चिमेला स्टेशनबाहेरच शेअर रिक्षांचा गलका. "नवापूर नाका, नवापूर नाका, एक सीट!" चित्रालयापर्यंत दुकानं, मोबाइलच्या जाहिराती, ओडिया आणि भोजपुरी बोलणारे कामगार, शिफ्ट सुटली की रस्ता दिसेनासा होतो. बोईसर आकारानं शहर आहे, पण वर्षानुवर्षं कारभार ग्रामपंचायतीचा. लागून असलेली सरावली, खैरा, पास्थळ ही सगळी वेगळी गावं, वेगळ्या ग्रामपंचायती. औद्योगिक वसाहत एमआयडीसीची, प्रदूषण मंडळ राज्याचं, दवाखाने जिल्हा परिषदेचे. योक्काइचीत एका पालिकेनं निर्णय घेतला आणि तो लागू झाला. बोईसरमध्ये असा निर्णय कुणी घ्यायचा म्हटलं तर आधी चार कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतील. गेल्या काही वर्षांत पालघरला कोळगावच्या माळावर सिडकोनं जिल्हा मुख्यालयाच्या भव्य इमारती उभ्या केल्या. इमारती उत्तम आहेत, बोईसरहून तिथं जायला अर्धा तासही लागत नाही. चार कार्यालयांना एका टेबलाशी बसवायला जागेची अडचण तरी नाही.

वसाहतीत शिरलं की रस्ते रुंद होतात. दोन्ही बाजूंना पोलाद, कापड, औषधं, रंगद्रव्यं. सत्तरच्या दशकात ही वसाहत आली तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पहिला पगार आला, हे विसरून चालणार नाही. माझे अनेक विद्यार्थी इथं केमिस्ट, फिटर, सुपरवायझर आहेत. त्यांची पक्की घरं, मुलांची इंजिनीअरिंगची शिक्षणं इथल्याच पगारातून झाली. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा शंभरपैकी ९३.६९ गुण घेऊन बोईसरची ही तारापूर वसाहत देशात पहिली आली. त्या यादीत पहिलं येणं म्हणजे सर्वांत प्रदूषित असणं.

एका कारखान्याच्या फाटकाशी रिक्षा थांबवली. घातक रसायनं वापरणाऱ्या कारखान्यानं फाटकावर फलक लावून त्यावर कचरा, सांडपाणी आणि धुराचे आकडे लोकांना दिसतील असे लिहायचे असतात. फलक होता, हिरव्या रंगाचा, चांगला मोठा. रकाने आखलेले होते: पाणी, हवा, घातक कचरा. तारखेपुढे महिना लिहिलेला, तो उन्हानं उडालेला. आकड्यांच्या जागी काही रकान्यांत रेघ, काहींत काहीच नाही. सुरक्षारक्षक सौजन्यानं म्हणाला, "मॅडम, साहेब आले की भरतात." इसोझुच्या वाडीत हवा मोजणारं लहानसं केंद्र आहे. शेजारी चिमण्या आहेत तोवर मोजणीही आहे, गेली कित्येक दशकं. मला हेवा वाटला तो त्यांच्या पगाराचा किंवा गाड्यांचा नाही, या चिकाटीचा.

वसाहतीतलं सांडपाणी प्रक्रिया करून पाइपनं नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. सामाईक प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला अडीच कोटी लिटर, आणि येणारं पाणी त्याहून जास्त. पुढे पाच कोटी लिटरचं नवं केंद्र उभारावं लागलं ते त्यामुळेच. जादा पाणी जायचं कुठं? कोलवडे-कुंभवलीच्या नाल्यांतून मुरब्याच्या खाडीत. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं २०१६मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२मध्ये लवादानं शंभराहून अधिक कारखान्यांना आणि प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या संस्थेला पर्यावरणाच्या हानीची भरपाई भरायला सांगितलं. इसोझुच्या नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांविरुद्ध जे केलं, त्याच जातकुळीची ही लढाई, आणि ती आमच्या मांगेला मच्छीमार बांधवांनी लढली. पालघरच्या शाळांतून १९४२च्या चळवळीतल्या पाच हुतात्म्यांबरोबर हेही शिकवायला हवं. मात्र त्या प्रकरणाचा भर पाण्यावर होता: नाले, खाडी, समुद्र. माणसाच्या छातीत काय साठलं, याचा हिशोब अजून मांडला गेलेला नाही.

तिथून किनाऱ्यावरच्या आलेवाडीला पोचले तेव्हा बोंबील सुकायला घातले होते. बांबूच्या मांडवांवर एकेक जोडी तोंडात तोंड अडकवून टांगलेली. बायका बोलता बोलता हात चालवत होत्या. पोरं पुळणीवर क्रिकेट खेळत होती; चेंडू बोंबलांच्या मांडवाखाली गेला की आरडाओरडा. एका मावशींना विचारलं, वास येतो का इथपर्यंत? "रात्रीचा येतो. दिवसा वारा समुद्रावरून येतो, तेव्हा सगळं बोईसरवाल्यांना. रात्री वारा फिरला की आमच्याकडं." वाऱ्याचं हे वेळापत्रक कोणत्याही अहवालाशिवाय सगळ्या किनाऱ्याला पाठ आहे. मासे? "पापलेट जवळ कुठलं आता. लांब जावं लागतं, डिझेल परवडत नाही. खाडीतल्या माशाला घासलेटचा वास." हे वाक्य मी योक्काइचीच्या संग्रहालयात साठ वर्षांपूर्वीच्या तारखेखाली वाचलं होतं, माणसं तेवढी वेगळी. सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्रानं पापलेटला राज्यमासा जाहीर केलं आणि त्याचा सर्वांत जास्त आनंद शेजारच्या सातपाटीला झाला. मान मिळाला, माशाला जगायला स्वच्छ खाडीही मिळायला हवी.

याच किनाऱ्यावर उत्तरेला अक्करपट्टी आणि पोफरण होती. अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी ही गावं उठवली गेली. त्याहून उत्तरेला वाढवण. तिथल्या ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, आणि मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. देशाला वीज हवी, बंदर हवं, औषधं हवीत, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्याला विचारायचं असतं ते एवढंच, की या सगळ्यात माझा हिशोब कोण ठेवतंय?

तुलना करायची तर सगळी करावी. इसोझुत मी दोन तास फिरले तेव्हा रस्त्यावर मोजकी माणसं भेटली, बहुतेक सत्तरीपलीकडची. एका म्हाताऱ्या बाईनं मला घराच्या ओट्यावर बसवून चहा दिला. मुलगी दुभाषी होती. त्या बाईंची मुलं दूर शहरांत, शेजारची तीन घरं बंद. हवा स्वच्छ झाली, पण तोवर वाडीतला गलबला गेला होता. आलेवाडीत पाणी भरायला गेलेली बाई अर्ध्या तासानं परत येते, कारण वाटेत चार जणींशी बोलणं होतं. आजारी माणसाच्या उशाशी रात्रभर कोण बसणार, हा प्रश्न आमच्या वाड्यांत अजून पडत नाही. मी स्वतः उतारवयात कुठं राहीन असं कुणी विचारलं, तर मी विचार न करता आमचा किनारा सांगेन. आणि जपानचा कारभारही निर्दोष नाही. १ मार्च १९८८पासून हवेच्या प्रदूषणामुळे आजारी पडलेल्या नव्या रुग्णांना मान्यता देणं त्यांनी बंद केलं. योक्काइचीत तोवर दोन हजारांहून अधिक लोक नोंदले गेले होते. नंतर धाप लागलेला माणूस त्या यादीत बसत नाही. नोंद बंद केली की आजार संपला असं भासवता येतं, हे तिथल्या सरकारलाही कळलेलं होतं.

म्हणूनच मला योशिदांच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा आठवतात. बोईसरचा ठेकेदाराकडचा कामगार छातीत घरघर झाली की नाक्यावरच्या दवाखान्यात जातो, इंजेक्शन घेतो, रोख पैसे देतो, गोळ्या कागदात बांधून घेतो आणि दुसऱ्या पाळीला हजर होतो. त्या आजाराचा कागद कुठंच उरत नाही. आलेवाडीच्या मावशींचंही तेच. उद्या एखाद्या तरुण डॉक्टरनं योशिदांसारखं काम करायचं ठरवलं, तर त्याला शेजारी शेजारी मांडायला चिठ्ठ्याच मिळणार नाहीत.

पण चिठ्ठ्या नसल्या तरी नोंद ठेवणारी माणसं आहेत. परतताना आलेवाडीत आशा सेविका भेटली, माझ्याच एका विद्यार्थिनीची वहिनी. हातात जाडजूड रजिस्टर. गरोदर बायका, लसीकरण, क्षयाचे रुग्ण, रक्तदाब, साखर, घराघराची माहिती त्यात. मी रजिस्टर चाळलं. धाप, जुना खोकला, दमा यांचा रकाना नव्हता. मी तिला म्हटलं, आलेवाडी, नांदगाव, नवापूर, कुंभवली, कोलवडे इथल्या आशाताईंनी हा एक रकाना वाढवला, आणि तुलनेला वसाहतीचा वारा न पोचणारी केळवे-एडवणची दोन गावं घेतली, तर दोन वर्षांत जिल्हा परिषदेच्या हातात तोच पुरावा येईल ज्यावर योक्काइचीच्या पालिकेनं निर्णय घेतला. खर्च वहीच्या एका पानाचा आणि आशाताईंना त्या कामाचं रीतसर मानधन देण्याचा. ते मानधन द्यायलाच हवं. त्यांच्यावर फुकटची कामं आधीच पुष्कळ आहेत.

तिनं रजिस्टर मिटलं. "बाई, पंपवाली घरं मला तोंडपाठ आहेत," ती म्हणाली. तोंडात औषध मारायच्या पंपाबद्दल बोलत होती. "या गल्लीत सात, मागच्या गल्लीत पाच, शाळेजवळ तीन, त्यात दोन लहान पोरं. वरून मागितलं, तर आजच लिहून देते."